माझे काम दुसरीकडे गेले, मग माझी सेवा खरी होती का?

एका भगिनीचा प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ती मंडळीतल्या आजारी माणसांना भेटणे, त्यांच्यासोबत दवाखान्यात बसणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करणे हे काम त्या बरीच वर्षे पाहत होत्या. अलीकडे पाळकांनी ती जबाबदारी एका तरुण बहिणीकडे दिली. तेव्हापासून त्या आतून धुमसत आहेत. त्या मुलीचे कोणी कौतुक केले की त्यांना झोंबते. म्हणून त्या विचारतात, मी केले ते प्रभूसाठी होते की नावासाठी? हेतू शुद्ध होईपर्यंत सेवा थांबवावी का? आणि ‘नम्र राहा’ म्हणजे कोणी काहीही लादले तरी मुकाट्याने सोसायचे का?

ताई,

तुमचे तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. दोन प्रश्नांची उत्तरे लगेच देता येतात. सेवा थांबवू नका. आणि मुकाट्याने काहीही सोसणे याला शास्त्रात नम्रता म्हटलेले नाही. दोन्हींची कारणे पुढे येतीलच. तुमची झोप उडवली आहे ती पहिल्या प्रश्नाने.

पाळक म्हणून, आणि सेवाकार्यात नव्याने येणाऱ्यांना तयार करताना, हे दुखणे मी पुष्कळ पाहिले आहे. कामचुकारांना ते कधी होत नाही. ज्यांनी जीव ओतलेला असतो त्यांनाच काम हातचे गेले की कळ येते. त्यामुळे तुम्हाला झोंबले एवढ्यावरून तुमची सेवा ढोंग होती असा निकाल मी देणार नाही, तुम्हीही देऊ नका. पण ही कळ काहीतरी सांगते आहे, आणि ते ऐकून घेतले पाहिजे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडा. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्या प्रसंगावर बोलताना आपण उपदेशक थेट गंगाळ आणि रुमालावर उडी मारतो, आणि तिसरे वचन घाईत निसटते. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे येशूला ठाऊक होते. त्यानंतर तो भोजनावरून उठला. योहानाने क्रम असा लावला आहे, आणि तो उगाच लावलेला नाही. लूक आपल्या शुभवर्तमानात त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट सांगतो: आपल्यात मोठा कोण, यावरून शिष्यांचा वाद चालला होता. दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवून वाचा. पाणी तिथेच आहे, भांडे तिथेच आहे, पाय सगळ्यांचेच धुळीचे आहेत आणि एकही जण उठत नाही. उठणार कसा? ज्याला आपली जागा अजून मिळवायची आहे त्याला वाकणे परवडत नाही. वाकलो आणि लोकांनी तेवढेच आपले मोल धरले तर? येशूला ती धास्ती नव्हती. त्याची जागा पित्याजवळ पक्की होती, ती त्या खोलीत ठरायची नव्हती.

ते काम किती हलके समजले जाई हे पाहायचे तर पहिल्या शमुवेलाचा पंचविसावा अध्याय पाहा. दाविदाची माणसे अबीगईलला मागणी घालायला येतात तेव्हा ती म्हणते, मी माझ्या स्वामीच्या सेवकांचे पाय धुणारी दासी व्हायला तयार आहे. याहून खालची पायरी तिला सुचली नाही.

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. ‘मला कुठे काय येतं’, ‘मी कोण, सगळं प्रभूच करतो’ असे कोणी वरचेवर म्हणू लागले की माझे कान टवकारतात. स्वतःला सारखे उणे लेखणाऱ्याची नजरही स्वतःवरच खिळलेली असते. कलस्सैकरांच्या पत्रात प्रेषित पौल लीनतेच्या देखाव्याबद्दल सावध करतो, तो याच जातीच्या गोष्टीबद्दल. ‘हो, हे मला चांगले जमते’ असे साधेपणाने म्हणता येणे आणि ‘तिलाही जमते’ असे तितक्याच साधेपणाने म्हणता येणे, या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात. तुम्हाला पहिली जमत असेल. दुसरी सध्या अडते आहे. म्हणजे आपली जागा पित्याजवळ आहे हे तुम्ही मानत होतात, पण काही भार त्या कामावरही टाकला होता. तो किती होता हे काम काढून घेतल्याशिवाय कोणालाच कळत नाही, मलाही कळले नसते.

आता योहानाच्या त्याच तेराव्या अध्यायातला शिष्य पेत्र. तो म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. वरवर पाहता खोलीतला सर्वांत नम्र माणूस हाच. गुरूने वाकावे हे त्याला सहन होत नाही. येशूचे उत्तर कठोर आहे: मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. लगेच पेत्र दुसऱ्या टोकाला जातो, मग पायच काय, हात आणि डोकेही धुवा. हा बदल वाचताना हसू येते. पण दोन्ही वेळा काय चालले आहे पाहा. आधी नको हे पेत्र ठरवतो, मग किती हवे हेही पेत्रच ठरवतो. प्रभू जे देतो आहे ते, देतो आहे तेवढे, पाय पुढे करून घ्यायचे एवढेच त्याला जमत नाही.

माझे सगळे म्हणणे इथे येऊन थांबते. आपण नम्रता मोजतो ती किती सेवा केली यावर. माझ्या अनुभवात ती दुसरीकडे कळते: सेवा घेताना आणि सेवा सोडताना. करताना माणूस उभा असतो, समोरचा अंथरुणावर असतो. देणारा हात वरच असतो, मग तो कितीही प्रेमळ असो. आयुष्यभर इतरांच्या उशाशी बसलेली माणसे स्वतः अंथरुणाला खिळली की काय करतात, हे तुम्हीही पाहिले असेल. ‘कशाला त्रास घेतलात’, ‘मी ठीक आहे’, आणि भेटायला आलेल्याला दारातूनच परत पाठवतात. त्यांना आपण स्वावलंबी म्हणतो. मला त्यांच्यात पेत्र दिसतो.

येशूने काय केले ते योहानाचाच बारावा अध्याय सांगतो, म्हणजे पाय धुण्याच्या अगदी आधी. वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी बेथानी इथे मरीयेने मौल्यवान सुगंधी तेल त्याच्या पायांना लावले आणि आपल्या केसांनी पाय पुसले. हे तेल तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असा यहूदाने आक्षेप घेतला. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, यावरून रक्कम लक्षात येईल. येशू अवघडला नाही, ‘नको, नको’ म्हणाला नाही. तिला असू दे, म्हणाला. त्याने इतरांचे पाय हातात घेतले ते त्यानंतर. शोमरोनी स्त्रीशी त्याचे बोलणे सुरू होते तेही ‘मला प्यायला पाणी दे’ या मागणीने. लूक आठव्या अध्यायात मग्दालीया मरीया, खुजाची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रियांची नोंद करतो. त्या आपल्या पैशाअडक्याने येशू आणि शिष्यांचा निर्वाह चालवत. सेवा करून घ्यायला नव्हे, करायला आलो, असे म्हणणारा इतरांकडून घेताना इतका मोकळा होता. म्हणून तुम्हाला एक विचारतो, उत्तर मला देऊ नका: मागच्या आजारपणात तुम्ही कोणाला घरात येऊ दिलेत?

मार्काच्या दहाव्या अध्यायात याच विषयाची दुसरी बाजू आहे, आणि तुमच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे येतात. तो विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावे अशी तुमची इच्छा आहे? ते उजवीकडची आणि डावीकडची आसने मागतात. थोड्याच वचनांनंतर यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारतो. त्यालाही येशू जवळपास त्याच शब्दांत विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? तो दृष्टी मागतो. मार्काने हे प्रसंग इतके जवळ ठेवले आहेत की वाचणाऱ्याने तुलना करावीच. बारा शिष्यांपैकी या दोघांना आपल्याला काय दिसत नाही हे ठाऊक नाही. आंधळ्याला ठाऊक आहे.

मला त्यातला दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. आंधळ्याला काय हवे हे काय विचारायचे असते? तरीही येशूने विचारले. आपण विचारत नाही. आजाऱ्याकडे जातो, आपल्या सोयीच्या वेळी जातो, आपल्याला आवडते ते गीत गातो, लांब प्रार्थना करतो आणि बाहेर पडताना समाधान वाटते ते आपल्याला. तो बिचारा दमलेला असतो. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे आहे. बोलावणे त्याच्याकडून आहे. ‘आज येऊ का?’, ‘बसू की निघू?’, ‘प्रार्थना करू की नुसती सोबत हवी?’ हे प्रश्न विचारणारा माणूस नम्रतेवर एक शब्दही न बोलता नम्र असतो. आणि एक गोष्ट रागावूनच सांगतो: आजाऱ्याच्या घरात कळलेली माहिती ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून दहा जणांना सांगणे ही सेवा नव्हे. माहिती आपल्याजवळ आहे याचा तो मिरवणारा आनंद असतो. त्याची परवानगी घ्या, नाहीतर देवापाशीच बोला. देवाला नाव आधीच ठाऊक असते.

हेतूंच्या शुद्धतेचा प्रश्न. तुम्ही म्हणता, शुद्ध होईपर्यंत थांबते. मग कायमचेच थांबावे लागेल. पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो की काही जण हेव्याने आणि स्पर्धेने ख्रिस्ताची घोषणा करत आहेत, मला तुरुंगात आणखी त्रास व्हावा म्हणून. आणि पुढे म्हणतो, निमित्ताने असो वा खरेपणाने असो, ख्रिस्ताची घोषणा होते यात मला आनंद आहे. पौलाला हेतूंची पर्वा नव्हती असे नाही. त्याच पत्रात पुढे तो पोकळ डौलाबद्दल बजावतो. पण ज्याला औषध आणून हवे आहे त्याला तुमच्या हेतूंच्या चाचणीचा निकाल लागेपर्यंत ताटकळत ठेवता येत नाही. औषध आणून द्या. हेतूंचे काम वाटेत चालू राहील.

हेतू तपासण्याचाही अतिरेक होतो. रोज रात्री मनाचे झाकण उघडून आत काय शिजते आहे हे बघत बसणे, हा पुन्हा स्वतःकडेच पाहण्याचा प्रकार आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले नीतिमान लोक मला फार आवडतात. राजा त्यांना म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले, आजारी होतो तेव्हा माझ्या समाचाराला आलात. ते गोंधळतात: प्रभू, केव्हा? त्यांनी वही ठेवलेली नव्हती. डाव्या हाताला उजव्याचे कळू न देण्याची जी आज्ञा डोंगरावरच्या प्रवचनात आहे, ती अशी पुरी होते. प्रयत्नपूर्वक लपवून ती फारशी साधत नाही. समोरच्या माणसात इतके लक्ष गुंतले की आपले आपल्याला आठवत नाही.

तुमच्या पत्रात एक ओळ होती: इतक्या वर्षांत एकानेही आभार मानले नाहीत. ही तक्रार मी क्षुल्लक मानत नाही. लूकच्या सतराव्या अध्यायातला दास शेतातून दमून येतो, पुन्हा कमर बांधून धन्याला वाढतो आणि धनी त्याचे आभार मानत नाही. ‘आम्ही निरुपयोगी दास आहोत, आमचे कर्तव्य तेवढे आम्ही केले,’ असे म्हणायला येशू शिकवतो. हे वचन कडू लागते. पण ते कोणी कोणाला सांगायचे, हे बारकाईने पाहा. दासाने स्वतःबद्दल म्हणायचे आहे. मंडळीने आपल्या सेवकांना उद्देशून म्हणायची सोय त्यात नाही. पौलाची पत्रे शेवटून वाचून पाहा. रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात तो फिबीपासून सुरुवात करून कितीतरी जणांची नावे घेतो, कोणी काय कष्ट घेतले तेही सांगतो. तुमच्या मंडळीने ते केले नसेल तर ती उणीव मंडळीची आहे. तुम्हाला ते लागले यात पाप नाही. त्याची वसुली नव्या मुलीकडून होऊ लागली तर मात्र आहे.

काम देणे आणि काढून घेणे याची आपल्या मंडळ्यांमध्ये धड रीतच नाही, हेही मला बोलले पाहिजे. सहाव्या शतकात बेनेडिक्ट नावाच्या साधूने आपल्या मठांसाठी जे नियम लिहिले, त्यांच्या पस्तिसाव्या प्रकरणात स्वयंपाकघरातल्या सेवेची पाळी सांगितली आहे. आजारी आणि अतिमहत्त्वाच्या कामात गुंतलेले सोडले तर कोणाची सुटका नाही. पाळी आठवड्याची. शनिवारी पाळी संपवणारा साफसफाई करतो, हातपाय पुसायची वस्त्रे धुतो, आणि जाणारा व येणारा मिळून सगळ्यांचे पाय धुतात. भांडी स्वच्छ आणि धड स्थितीत कोठारप्रमुखाच्या हवाली करायची, त्याने ती नव्या माणसाला द्यायची. रविवारी दोघांसाठीही सर्वांसमोर प्रार्थना होते. पाळीवरच्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकर आणि पेय द्यावे, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील, असेही त्यात आहे. उपाशी माणसाला नम्रतेचे व्याख्यान देऊन भागत नाही हे त्या साधूला पक्के माहीत होते.

या रीतीत जाणारा आणि येणारा एकत्र वाकतात. जाणाऱ्याच्या कामाचा शेवट देवासमोर होतो. आपल्याकडे काम देताना टाळ्या असतात. मुदत कोणी सांगत नाही, आणि बदल होतो तो एखाद्या सूचनेतून. तुमच्या बाबतीत तसेच झाले असावे असे पत्रावरून दिसते. पण त्याच नियमांचे सत्तावन्नावे प्रकरण तुमच्या आणि माझ्यासारख्यांसाठी आहे. मठात कोणी कुशल कारागीर असेल आणि आपल्यामुळे मठाचा लाभ होतो असा ताठा त्याला आला, तर त्याला त्या कामावरून काढावे, आणि तो नम्र होऊन मठप्रमुखाने पुन्हा सांगेपर्यंत त्याने त्या कामाकडे वळू नये. लक्षात घ्या, काम वाईट झाले म्हणून काढायचे नाही. काम उत्तम चालू असताना काढायचे. मठाचे नुकसान होईल याची बेनेडिक्टला फिकीर नाही. माणूस हातचा जाईल याची आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीलाच दिले, आता त्याचे कारण. फिलिप्पैकरांच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, हा नम्रतेचा सर्वांत उंच उतारा आहे. तो ज्या शहरातल्या मंडळीला लिहिला त्याच शहरात पौलाला काय घडले होते ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. चौकशीवाचून त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चारचौघांत छड्या मारल्या, तुरुंगात टाकले, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की सोडून द्या. पौल निघाला नाही. आम्ही रोमी नागरिक असून आम्हाला उघडपणे मारले आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. ते आले आणि त्यांनी विनवण्या केल्या. ‘दुसऱ्याला आपल्याहून श्रेष्ठ माना’ लिहिणारा माणूस हाच. येशूचेही पाहा. महायाजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा तो म्हणाला, वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? आवाज चढवला नाही, पण प्रश्न गिळलाही नाही.

आणि तो रुमाल येशूने स्वतः बांधला. दुसऱ्या कोणी त्याच्या कमरेला बांधला नव्हता. पाय धुण्याची आज्ञा त्या खोलीत दिली गेली ती पुढे मंडळीचे पुढारी होणाऱ्यांना. ‘विदेश्यांचे अधिकारी त्यांच्यावर सत्ता गाजवतात, तुमचे तसे नसावे’ हेही त्यांनाच सांगितले. म्हणून अधिकारावर असलेला कोणी आपल्या हाताखालच्याला ‘नम्र हो’ म्हणून गप्प करू लागला, तर त्याने ते वचन उलटे धरले आहे. घरातली मारहाण, मंडळीतला पैशाचा घोटाळा, कोणाचा गैरफायदा घेणे, या गोष्टी नम्रतेच्या नावाखाली झाकायच्या नसतात. बोलायचे, सुरक्षित जागी जायचे, गरज असेल तिथे कायद्याकडे जायचे. तुमच्यावर असे काही आहे असे पत्रात दिसत नाही, पण ‘काहीही लादले तरी’ हे शब्द तुम्ही लिहिलेत म्हणून सांगितले. साध्या कामाच्या ओझ्याबद्दल गलतीकरांच्या सहाव्या अध्यायातली दोन वचने पुरेशी आहेत: एकमेकांची ओझी वाहा, आणि तीन वचनांनी पुढे, प्रत्येकाने आपला भार वाहावा. दुसऱ्याचा तो भार उचलून त्याला पांगळे करणे ही सेवा नाही. मार्काच्या पहिल्या अध्यायात सगळे लोक येशूला शोधत असतात आणि तो म्हणतो, चला, दुसऱ्या गावांत जाऊ. तो ‘नाही’ म्हणू शकत होता. तुम्हीही म्हणू शकता.

आता त्या तरुण बहिणीबद्दल. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य त्याच्याकडे तुमच्यासारखीच तक्रार घेऊन आले होते: सगळे लोक येशूकडे चालले आहेत. योहानाचे ‘त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा’ हे उत्तर सर्वांना पाठ आहे. त्याच्या आधीचे वाक्य कमी आठवते: स्वर्गातून दिल्याशिवाय मनुष्याला काही मिळत नाही. काम तुमचे होते तेव्हाही ते दिलेले होते. तरी मला योहानापेक्षा बर्णबा जवळचा वाटतो, कारण योहानाने ज्याला वाट करून दिली तो ख्रिस्त होता. बर्णबाने वाट करून दिली ती एका सहकाऱ्याला. बर्णबा तार्सास जाऊन शौलाला, म्हणजे पौलालाच, शोधून अंत्युखियाला घेऊन आला. प्रेषितांच्या कृत्यांत सुरुवातीला लूक ‘बर्णबा आणि शौल’ असे लिहितो. तेराव्या अध्यायात पुढे ते ‘पौल आणि बर्णबा’ होते. बर्णबा कुरकुरला अशी नोंद नाही. आणि तो काही मेणाचा पुतळा नव्हता. योहान मार्काला सोबत न्यायचे की नाही यावरून त्याचा पौलाशी इतका तीव्र मतभेद झाला की ते वेगळे झाले. स्वतःच्या क्रमासाठी तो भांडला नाही, दुसऱ्या तरुणाला संधी मिळावी म्हणून भांडला.

तर करायचे काय? आधी पाळकांना एकांतात भेटा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाची रीत तीच आहे. त्यांना सांगा की निर्णय मान्य आहे, पण आधी बोलला असता तर बरे झाले असते, मला लागले. एवढेच सांगा. जुनी यादी काढू नका.

मग त्या मुलीबरोबर बसा आणि तुम्हाला जे माहीत आहे ते तिला द्या. कोणाला एका कानाने कमी ऐकू येते, कोणाला सकाळी भेट चालत नाही, कोणाचा मुलाशी अबोला आहे आणि तिथे कोणता विषय काढू नये, कोणाला गीत नको असते. ज्यांनी विश्वासाने काही सांगितले असेल ते मात्र त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. ती चुकेल. तुम्ही तिच्या वयाच्या असताना ज्या चुका केल्या असतील त्याच करील, आणखी काही नव्याही करील. तिने विचारले तरच सांगा. निदान काही महिने तिच्या पाठोपाठ त्या घरांत जाऊन ‘सगळे ठीक आहे ना’ असे विचारू नका. त्या प्रश्नात काय दडलेले असते ते रुग्णालाही कळते.

तिच्यासाठी रोज नावाने प्रार्थना करा. गोड वाटेपर्यंत थांबू नका, झोंबत असतानाच करा. आणि स्वतःसाठी एखादे असे काम घ्या ज्यात तुमची ख्याती नाही आणि जे तुम्हाला फारसे जमत नाही. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली करा. तुम्हाला सांगितले जाईल, सुधारले जाईल, कधी चुकीचेही सुधारले जाईल.

शेवटी एक अवघड जागा उरते. जुने आजारी लोक फोन करून विचारतील, ‘तुम्ही का येत नाही? त्या नव्या बाईंना काही कळत नाही.’ हे ऐकून आत काहीतरी सुखावेल. सुखावू द्या, त्याला काही इलाज नाही. उत्तर मात्र आधीच ठरवून ठेवा: ‘आता त्या येतात, तुम्हाला काय हवे ते त्यांना सांगा, त्या ऐकतील.’ ज्यांच्याशी खरी मैत्री जडली आहे त्यांना मैत्रीण म्हणून जरूर भेटा, पण जाण्याआधी तिला कळवा. आणि परत आल्यावर तिने विचारल्याशिवाय अहवाल देऊ नका.